पहिली वाफ घरात, दुसरी निघताना

आषाढातली रात्र. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पडतो तसा पाऊस कोसळत होता आणि दीडच्या सुमाराला लाईट गेली. पाच मिनिटांत दारावर थाप. शेजारचा मुलगा, हातात मोबाईलचा उजेड. "सिस्टर, मशीन बंद पडलं. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना, बाबांना इथं आणू का?" जाऊन पाहिलं तर त्याचे बाबा, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसलेले. खांदे वरखाली होत होते, एका श्वासात जेमतेम दोन शब्द निघत होते. दम्याचा झटका. संध्याकाळपासून नेब्युलायझरच्या, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या मशीनच्या, चार वाफा झाल्या होत्या. इन्व्हर्टरचं मी नावच काढलं नाही, आधी १०८ लावला. दोन दिवस ऑक्सिजनवर राहून भाऊ घरी आले.

त्या रात्री लाईट गेली नसती तर पाचवी वाफ लागली असती, आणि मग सहावी. दर वाफेनंतर अर्धा तास बरं वाटत होतं, म्हणून कुणी गाडी काढत नव्हतं.

सरकारी आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून तीस वर्षं काढली. नेब्युलायझरचं औषध जास्त झालं म्हणून धावत आलेले थोडे, वाफेच्या भरवशावर घरी थांबून उशिरा आलेले कितीतरी. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक करून तपासणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. त्यातले जवळजवळ निम्मे लोक मदत मागण्याआधी किंवा तातडीचे उपचार मिळण्याआधीच गेले होते. २०२२ साली तिथल्या औषध नियंत्रकांनी स्पष्ट सांगितलं की दम्याच्या मुलांसाठी घरी नेब्युलायझर तज्ज्ञ डॉक्टरांनीच सुरू करावा आणि त्यांच्याच देखरेखीखाली चालावा, कारण मशीनमुळे बिघडलेली तब्येत झाकली जाते. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानातून मिक्सर आणावा तसं मशीन घरी येतं.

मुळात मशीन हवं का?

सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ प्लास्टिकची नळी) लावलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो. ही गोष्ट अनेक अभ्यासांतून पक्की झालेली आहे, तरी घरोघरी कुणाला पटत नाही. मशीन आवाज करतं, धूर दिसतो, म्हणून ते 'जोरदार' वाटतं. पंपाला वीज लागत नाही, तो खिशात मावतो, दहा मिनिटं बसावं लागत नाही, हृदयाची धडधडही कमी होते. सालब्युटामोल या दम मोकळा करणाऱ्या औषधाच्या पंपातून एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध निघतं. झटक्यात डॉक्टर साधारण चार ते दहा दाब सांगतात, ते एकदम नव्हे, एकेक करून. पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एक दाब मारायचा, चार-पाच शांत श्वास घ्यायचे, पुन्हा हलवायचा. लहान मुलासाठी स्पेसरला छोटा मास्क मिळतो.

मशीन उपयोगी पडतं ते ज्यांना पंप-स्पेसर जमतच नाही अशा रुग्णांना: फार थकलेले म्हातारे, हात थरथरणारे, काही लहान मुलं. किंवा डॉक्टरांनी विचार करून लिहून दिलं असेल तेव्हा. असं असलं तरी घरात पंप आणि स्पेसर हवाच. पावसात झाड तारेवर पडलं की आमच्याकडे सकाळपर्यंत वीज येत नाही.

डब्यात काय काय आहे, ते आधी वेगळं करा

माझ्या पाहण्यातले सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाले. वाफेच्या औषधांच्या प्लास्टिकच्या कुप्या, म्हणजे रेस्प्यूल, दिसायला सारख्याच असतात, काम मात्र वेगळं.

एक, दम मोकळा करणारं औषध. सालब्युटामोल (लोक 'अस्थालिन' म्हणतात) किंवा लेव्होसालब्युटामोल ('लेव्होलिन'). हे श्वासनळ्यांभोवती आवळलेले स्नायू सैल करतं. पाच मिनिटांत फरक जाणवतो आणि असर चार ते सहा तास राहतो.

दोन, इप्राट्रोपियम. हे बहुतेकदा लेव्होसालब्युटामोलसोबत एकाच कुपीत येतं, 'ड्युओलिन' या नावाने. म्हणजे ड्युओलिन दिल्यावर वर अस्थालिन दिलं तर एकाच जातीचं औषध दुप्पट झालं. हे लक्षात न आल्याने लोक दोन्ही आलटून पालटून देत बसतात.

तीन, ब्युडेसोनाइड, म्हणजे 'बुडेकोर्ट'. हे स्टेरॉइड आहे. नळ्यांची सूज उतरवतं, पण लगेच दम सोडवत नाही. मध्यरात्री धाप लागली असताना फक्त बुडेकोर्ट लावून 'गुण का येत नाही' म्हणणारे घरोघरी आहेत.

मी तर घरच्यांना जाड पेनाने कुपीच्या पाकिटावर लिहायला लावते: 'दम सोडवायला', 'रोजचं'. वाचता न येणाऱ्या आजीसाठी लाल आणि हिरवा धागा बांधला तरी चालतं.

आता मोठा धोका. सालब्युटामोल दोन रूपांत मिळतं. तयार कुपीत २.५ मिलीलीटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असतं, ती तशीच ओतायची. दुसरी असते छोटी बाटली, रेस्पिरेटर सोल्यूशन, तिच्यात प्रत्येक मिलीलीटरमध्ये ५ मिलिग्रॅम. म्हणजे २.५ मिलिग्रॅमसाठी तिच्यातलं फक्त अर्धा मिलीलीटर घ्यायचं आणि वर दोन-अडीच मिलीलीटर नॉर्मल सलाईन. कुपीची सवय असलेल्या माणसाने बाटलीतून २.५ मिलीलीटर ओतलं तर पाचपट औषध गेलं! म्हणून माझं मत सरळ आहे: घरी तयार कुप्याच ठेवा. बाटलीच लिहून दिली असेल तर सुई नसलेली एक मिलीलीटरची सिरिंज आणा, डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून रेघ दाखवून घ्या, आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. उघडल्यानंतर किती दिवस चालते ते लेबलवर असतं, साधारण महिनाभर धरा.

पातळ करायला नॉर्मल सलाईनच, ०.९ टक्क्यांचं. नळाचं, विहिरीचं, उकळून गाळलेलं, बॅटरीचं डिस्टिल्ड, यातलं कुठलंच पाणी नाही. नुसत्या पाण्याची वाफ संवेदनशील नळ्यांना आणखी आवळते. कापूर, निलगिरी तेल, पुदिन्याचा अर्क, तुळशीचा काढा, खोकल्याचं सिरप, यांना मशीनच्या औषध ओतायच्या कपात जागा नाही. तेलाचे कण फुफ्फुसात गेले तर वेगळंच दुखणं ओढवतं.

वाफ देण्याआधी एक मिनिट

धाप लागली की घाई होते, ती समजते. तरी मशीन लावण्याआधी तीन गोष्टी बघा, कारण वाफेनंतर त्या बदलतात. माणूस पूर्ण वाक्य बोलतो का? मिनिटाला किती श्वास? घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर आकडा किती? बोट गरम असावं, नखाला रंग नसावा. आकडे आणि वेळ कागदावर. पुढे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार.

एक बजावून सांगते, ऑक्सिमीटर ९६ दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. झटक्याच्या सुरुवातीला शरीर जोर लावून ऑक्सिजन टिकवतं. आकडा उतरतो तोवर बराच वेळ गेलेला असतो.

पुढची लक्षणं दिसली तर पहिल्या वाफेचा गुण येतो का हे बघत बसायचं नाही, थेट १०८: वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, घाम फुटून माणूस गळून जातोय, गुंगी किंवा बडबड, ऑक्सिजन ९२ च्या खाली, मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २५ च्या वर, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० च्या वर, त्याहून मोठ्या मुलाचे ३० च्या वर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे घरघर अचानक थांबते, पण माणूस मात्र थकत चाललेला असतो. छाती मोकळी झाली असं घरच्यांना वाटतं. खरं तर आत हवाच जात नसते. फोन केल्यावर गाडी येईपर्यंत वाफ किंवा पंप सुरू ठेवायचा.

आणखी एक गोष्ट ताडा, ही धाप दम्याचीच आहे का? कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या खाल्ल्यावर किंवा गोळी-इंजेक्शननंतर अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजलेली आणि दम, असं असेल तर ती ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया. तिथे आधी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. खेळता खेळता लहान मुलाला अचानक घरघर सुरू झाली तर शेंगदाणा, चणा, काजूचा तुकडा नळीत अडकलेला असू शकतो. पाय सुजलेल्या, आडवं झोपवत नाही अशा म्हाताऱ्या माणसाची धाप हृदयाची असू शकते. या तिघांना घरच्या वाफेने बरं होणार नाही.

प्रत्यक्ष वाफ

हात साबणाने धुवा. मशीन टेबलावर किंवा जमिनीवर सपाट ठेवा, गादीवर नाही, कारण खालची हवेची जाळी झाकली जाते. रुग्णाला ताठ बसवा, आडवं नाही. नाव, औषध, मुदत एकदा मोठ्याने वाचा. रात्री दोन वाजता डोळे फसवतात, कान फसवत नाहीत.

कुपीचं टोक पिळून सगळं औषध कपात ओता. कपात एकूण अडीच ते चार मिलीलीटर असलं म्हणजे वाफ नीट होते. दीडच मिलीलीटर असेल तर निम्मं औषध कपाच्या तळाला चिकटून राहतं, म्हणून कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाईन घालून भर करायची. कप सरळ उभा राहिला पाहिजे, तिरपा झाला की वाफ बंद.

मोठ्यांना मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी चांगली. दातांमध्ये धरून ओठ बंद करायचे, तोंडानेच श्वास घ्यायचा. मास्क लावायचाच तर नाकाच्या बाजूंनी फट राहू देऊ नका. विशेषतः इप्राट्रोपियमची वाफ डोळ्यांत गेली तर काचबिंदू असलेल्या माणसाच्या डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो.

श्वास नेहमीसारखा, मधूनच एखादा खोल घेऊन क्षणभर थांबायचं. जोरजोराने ओढू नका, चक्कर येते. बोलू नका. वाफ कमी झाली की कपावर टिचकी मारा. फडफड आवाज येऊ लागला आणि वाफ तुटक झाली की संपली, मशीन बंद. पाच ते दहा मिनिटं लागतात, पंधराच्या पुढे जात असेल तर कप किंवा फिल्टर बिघडला आहे. तळाला थोडंसं उरतंच, ते पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

लहान मुलांचं वेगळं. मूल रडतं म्हणून आया मास्क चेहऱ्यापासून दोन बोटं लांब धरतात. तेवढ्या अंतरानेही औषध फार कमी पोचतं, आणि रडणाऱ्या मुलाचं बरंचसं औषध घशातच अडकून पोटात जातं. मांडीवर ताठ बसवा, मास्क आधी बाहुलीला लावून दाखवा, मोबाईलवर काहीतरी लावा (एरवी मी मोबाईलच्या विरुद्ध आहे, पण इथे नाही). झोपेत मास्क लावावा का, असं विचारतात. झटका असताना मुलाला झोपू देणंच मला धोक्याचं वाटतं. थकून झोपलंय की गुंगी आलीय हे घरच्यांना कळत नाही.

वाफेनंतर चूळ भरा, आणि स्टेरॉइडची वाफ घेतली असेल तर चूळ भरून थुंकून टाका, मास्क लावला असेल तर तोंडही धुवा. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

हात थरथरणं, छातीत धडधड, डोकं दुखणं हे नेहमीचं आहे, तासाभरात उतरतं. छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे वाटले, भोवळ आली, किंवा वाफ घेताघेताच दम वाढला तर मशीन बंद करा आणि निघा. वारंवार वाफा घेतल्या तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. लघवीची गोळी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आणखीच. मधुमेह असेल तर साखर थोडी चढते. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, किंवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब, तर दम्याच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. या औषधांनी दमा उफाळू शकतो आणि वाफेचा गुण कमी येतो. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

कागदावरची हद्द

मशीनपेक्षा हा कागद महत्त्वाचा. डॉक्टरांकडून पाच गोष्टी लिहून घ्या आणि मशीनच्या झाकणावर चिकटवा: कुठलं औषध, किती, कमीत कमी किती वेळाच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, आणि कुठल्या टप्प्यापुढे घरी थांबायचं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या आणीबाणीसाठी लिहून दिल्या असतील तर त्या कधी सुरू करायच्या तेही. त्यांचा असर यायला काही तास लागतात, म्हणून लवकर घेतल्या तरच कामाच्या.

मी शेजाऱ्यांना जो नियम देते तो एका ओळीचा आहे: पहिली वाफ घरात, दुसरी निघताना. पहिल्या वाफेने माणूस पुरता मोकळा झाला आणि चार तास तसाच राहिला, तर घरी राहा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा. वीस मिनिटांनी पुरतं बरं नाही, किंवा चार तासांच्या आत पुन्हा धाप लागली, तर दुसरी वाफ द्यायची ती गाडी बोलावून, चपला घालून. तिसरीची वेळ आली तर ती दवाखान्यात.

अंतराचा हिशेबही घालायचा असतो. पणजीत राहणारा माणूस बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, दहा-पंधरा मिनिटांत पोचतो. वाळपईच्या आत किंवा केरीकडे राहणाऱ्याला पावसात तासाहून जास्त लागतो. त्याने लवकर निघायला हवं आणि आधी जवळच्या केंद्रात थांबायला हवं. वाळपई, साखळी, डिचोलीच्या आरोग्य केंद्रांत ऑक्सिजन मिळतो, तिथे सुरुवात करून गरज पडली तर पुढे गोमेकॉत पाठवतात. तीव्र झटक्यात दवाखान्यातली वाफही ऑक्सिजनवर चालवतात, घरच्या मशीनमध्ये साधी हवा असते. 'आपल्याकडेही तेच मशीन आहे' म्हणून घरी थांबणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा. १०८ च्या गाडीतही ऑक्सिजन असतो. स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, वाटेत माणूस घसरतो.

पावसाळ्यात मशीन जपणं

जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापड वाळत नाहीत, तिथे ओला मास्क कसा वाळणार? पिशवीत घालून ठेवलेल्या ओल्या कपात बुरशी आणि जंतू वाढतात आणि पुढची वाफ ते फुफ्फुसात पोचवते. दर वेळेनंतर कप, तोंडाची नळी, मास्क सुटे करून धुवा. दिवसातून एकदा कोमट पाणी आणि साबण, मग स्वच्छ पाणी, जोरात झटकून स्वच्छ कापडावर पंख्याखाली. लांब नळी पाण्यात बुडवायची नाही. आत दव दिसलं तर कप काढून मशीन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, नळी कोरडी होते. निर्जंतुक करायला उकळायचं की औषधी द्रावण, ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. सगळेच भाग उकळत्या पाण्यात टिकत नाहीत, मास्क तर वाकडा होतो. फिल्टर करडा पडला की बदला. कपाचा संच काही महिन्यांनी बदलायचा असतो, तोही पुस्तिकेत पाहा.

मास्क एकाचा दुसऱ्याला नाही, भावंडांमध्येही नाही. वाफ देताना खिडकी उघडी ठेवा, घरात क्षयरोग किंवा फ्लूचा रुग्ण असेल तर त्याची वाफ वेगळ्या खोलीत. आणि मशीन घेताना एक विचारून घ्या: अल्ट्रासोनिक प्रकारच्या मशीनमध्ये ब्युडेसोनाइडची वाफ नीट होत नाही.

वाफेने सुटतो तो फक्त आवळलेला स्नायू. नळ्यांची सूज आणि चिकट कफ तिथेच राहतो. कौलं गळायला लागली की खाली बादली ठेवतो, तसं हे औषध. बादल्या कितीही आणल्या तरी मे महिन्यात कौलं चाळायची राहिली तर घर गळणारच. ते चाळणं म्हणजे रोजचा स्टेरॉइडचा पंप. 'जीना' हा दम्याचा जागतिक मार्गदर्शक गट २०१९ पासून सांगतो की मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या सालब्युटामोलवर ठेवू नये. चतुर्थीचे फटाके, नरकासुराच्या पहाटेचा धूर, काजूच्या भट्ट्या, ओल धरलेल्या गाद्या हे टाळता येतं तेवढं टाळावं, पण रोजचा पंप त्याच्याही आधी.

म्हणून रिकाम्या कुप्या फेकू नका. एका डब्यात टाकत जा, वर तारखा. भाऊंच्या सुनेने असा डबा ठेवला होता. गोमेकॉतून घरी आल्यानंतर चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना तो पिशवीत घालून नेला आणि टेबलावर उपडा केला. जून महिन्याच्या एकतीस कुप्या निघाल्या. डॉक्टरांनी त्या मोजल्या आणि मग विचारलं, "रोजचा पंप कुठं आहे?" तो कपाटात होता, सील न फोडलेला.